बारा दारं, एक डोळा

"एक तारखेला सोमनाथदादा खुर्ची पुसून ठेवनार हाय," धनश्री तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते. मागनं म्हनू नका, बोलली न्हाई म्हनून."

हरिओमचं लक्ष कॅमेऱ्यात होतं. त्यानं ओट्यावर एक पातेलं पालथं घातलं होतं, त्यावर पांढरा टॉवेल अंथरला होता आणि टॉवेलवर लसणाच्या चटणीची बाटली ठेवून तो तिचे फोटो काढत होता. बाटली शेजारणीची होती, चटणी शेजारणीची होती आणि हे फोटो कुणी मागितलेही नव्हते. पण सराव नको का?

नेकनूरच्या आसपास नऊ वर्षं लग्नाचे फोटो काढून हरिओमला माणसांचा वीट आला होता. माणूस म्हटला की ऐन वेळी डोळे मिटतो. एखादी आत्या रुसून मांडवाबाहेर जाऊन बसते, आणि अल्बम आला की तीच पहिली ओरडते, माझा फोटो कुठाय? त्यापेक्षा वस्तू बऱ्या. म्हणून दोन वर्षांपूर्वी त्यानं कार्डं छापून घेतली होती, 'हरिओम, फ्रीलान्स कमर्शियल फोटोग्राफर'. दोन वर्षांत त्यानं एक कपाशीच्या बियाण्याची पिशवी, एक उसाची ट्रॉली आणि अंबाजोगाईच्या एका दाताच्या डॉक्टरांची कवळी एवढ्याच गोष्टी टिपल्या. कवळीचा फोटो फार सुरेख आला होता, तो धनश्रीनं भिंतीवर लावू दिला नाही, ते सोडा.

धनश्रीचा भाऊ सोमनाथ याचं खताबियाण्यांचं दुकान होतं. दुकानात एक लाकडी खुर्ची दाजींसाठी राखून ठेवलेली होती. त्या खुर्चीत बसायचं म्हणजे दिवसभर युरियाच्या पोत्यांकडे बघायचं आणि सोमनाथ "दाजी, जरा सरका की" म्हणाला की सरकायचं. हरिओमला त्या खुर्चीची स्वप्नं पडत. स्वप्नात ती त्याच्याकडे चालत यायची.

आणि अशा वेळी फोन वाजला. संभाजीनगरच्या 'निर्धास्त कुलूप' नावाच्या कंपनीतून ज्योत्स्ना मॅडम बोलत होत्या.

"आम्हाला नव्या वर्षाच्या कॅलेंडरसाठी बारा दारं हवीत. जुनी, लाकडी, खरीखुरी. प्रत्येक दाराला आमचं कुलूप लावलेलं. आणि एक गोष्ट नीट ऐका. फोटोत माणूस नको."

"माणूस नको?" हरिओमला आपलं भाग्य खरं वाटेना.

"हात नको, पाय नको, सावलीसुद्धा नको. आमचे मालक म्हणतात, कुलूप चांगलं असलं की घरात माणसाची गरजच नाही. हे जमलं तर पुढचं वर्षभर आमचं सगळं काम तुमच्याकडे. नाही जमलं तर पुण्याचा एक जण तयार आहे."

वर्षभराचं काम! हरिओमनं चटणीच्या बाटलीला नमस्कार केला. बारा बंद दारं कुठं सापडतील याचा त्याला विचारही करावा लागला नाही. शिरूर कासारच्या पलीकडे दिवाळी झाली की वस्त्याच्या वस्त्या ऊसतोडीला जातात. दारांना कुलपं लागतात ती उन्हाळ्यापर्यंत. तिथं ना आत्या, ना मांडव.

दोन दिवसांत एसटीच्या पार्सलनं खोकं आलं. त्यात कापसात गुंडाळलेली बारा पितळी कुलपं होती, नुसती दाबली की खट्कन बसणारी. खोक्यात आणखी काय आहे किंवा काय नाही, हे हरिओमनं बघितलं नाही. तुम्ही मात्र हे ध्यानात ठेवा.

खडकवस्तीचा फाटा आला तेव्हा अकरा वाजले होते. फाट्यावर म्हाळू धनगर मेंढरं वळवत उभा होता. त्यानं मोटारसायकलीला हात केला.

"कुनीकडं, पाव्हनं?"

"खडकवस्तीवर."

"कुनी न्हाई तिथं. समदी गेल्यात तोडीला."

"मला तेच पाहिजे."

म्हाळूनं त्याच्याकडे बघितलं, मग पाठीवरच्या काळ्या पिशवीकडे बघितलं. "पारूबाई तेवढी हाय," तो म्हणाला.

"कोणत्या घरात?"

"समद्या घरात."

"समद्या म्हणजे?"

"समद्या म्हंजी समद्या. एकोनीस घरं हाईत. बाई एकलीच, पन समद्या घरात असती."

हरिओमनं पिशवी जरा पुढं ओढून विचारलं, "आणि तिला भेटायचं असलं तर?"

"तुमी कावून भेटता तिला? तीच बघंल तुमाला," म्हाळू म्हणाला आणि मेंढरांमागं चालू लागला. एक मेंढरू तेवढं वळून हरिओमकडे बघत राहिलं.

वस्ती म्हणजे माळाच्या कडेला मातीच्या घरांची एक लांबलचक रांग होती. प्रत्येक दाराला गंजकं कुलूप. कुत्रं नाही, कोंबडी नाही, पोराचं रडणं नाही. हरिओमनं गाडी बंद केली आणि त्याला स्वतःच्या घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली. पण गडबड वेगळीच होती. अंगणं झाडलेली होती. एकोणीसच्या एकोणीस अंगणं स्वच्छ झाडलेली, आणि त्यांतल्या दोनांत ओला सडा. एका उंबऱ्यावर रांगोळीची पाच बोटं उमटलेली होती. आणि मधल्या एका कुलूपबंद घराच्या छपरातून निळा धूर वर चालला होता. भाकरी भाजल्याचा खमंग वास येत होता. भुतं भाकरी भाजतात का, हे हरिओमला ठाऊक नव्हतं. त्यानं ते कधी कुणाला विचारलंही नव्हतं.

"कुणी हाय का?" त्यानं हाक मारली. धूर तेवढा जरा वाकडा झाला.

धीर करून त्यानं रांगेतल्या तिसऱ्या घराचा एक फोटो काढला, सहज, उजेड बघायला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दार आलं, कुलूप आलं आणि बाजूच्या खिडकीच्या गजांमागं एक सुरकुतलेलं तोंड आलं. त्यानं मान वर केली. खिडकी रिकामी. त्यानं पुन्हा फोटो काढला. रिकामी. तो झपाझपा पाचव्या घरासमोर गेला आणि बटण दाबलं. पडद्यावर पाचव्या घराच्या खिडकीत तेच तोंड.

हरिओम पळतच वस्तीबाहेरच्या दगडांच्या ढिगावर चढला. रेंज तिथंच होती.

"धनश्री, इथं काहीतरी हाय गं. बंद घरातनं तोंड दिसतंय. एकच तोंड, घर बदलून."

"अगं आई! मंग या की माघारी," धनश्री म्हणाली. आणि जरा थांबून म्हणाली, "खुर्ची तर हायच."

हरिओमनं फोन खिशात घातला. भुतापुढं माणसाचा इलाज चालतो, मेहुण्यापुढं चालत नाही. तो ढिगावरून खाली उतरला आणि कामाला लागला.

पुढच्या दारांची जुनी कुलपं काढता येत नव्हती, त्यांच्या चाव्या मालकांबरोबर उसाच्या फडात गेल्या होत्या. म्हणून तो घरांच्या मागच्या बाजूला गेला, आणि भीती विसरून तिथंच उभा राहिला. काय दारं होती! दोन-दोन कवाडांची, जुन्या सागवानाची, ऊनपाऊस पिऊन काळी झालेली. कुलूप एकालाही नाही. नुसती कडी आणि कडीत खोवलेली चिंधी. दुपार कलली की ऊन नेमकं या बाजूला येणार होतं.

हरिओमची कामाची एक पद्धत होती. ऊन एकसारखं हवं असेल तर मांडामांड आधी करून ठेवायची आणि मग एका दमात सगळं टिपायचं. त्यानुसार त्यानं चिंध्या काढत, कड्या चढवत कुलपं लावायला सुरुवात केली. खट्. खट्. खट्. सातव्या दाराची कडी उघडीच होती. काय बेफिकीर लोक आहेत, असं मनाशी म्हणत त्यानं ती चढवली आणि खट्. बारावं कुलूप लागलं तेव्हा त्याला लग्नात सगळे पाहुणे एका रांगेत बसल्यावर वाटायचं तसं समाधान वाटलं.

मग त्यानं फोटो घ्यायला सुरुवात केली. पहिलं दार, दुसरं, तिसरं. कुणी डोळे मिटले नाहीत, कुणी रुसलं नाही. सहा दारं देवाच्या दयेनं निर्विघ्न पार पडली. सातव्याला त्यानं बटणावर बोट ठेवलं आणि आतून कुणीतरी खोकलं.

हरिओमचं बोट तसंच राहिलं. दोन कवाडांच्या मधल्या फटीत काहीतरी चकाकलं. तो डोळा होता. एकच. तो हरिओमकडे बघत होता, आणि किती वेळापासून बघत होता कुणास ठाऊक.

"कोन हाय?" आतून आवाज आला.

हा प्रश्न खरं तर हरिओमनं विचारायचा होता. "मी," तो कसाबसा म्हणाला. "नेकनूरचा. आज्जी, तुमी... जित्या हाव ना?"

"दार उघड, मंग दावते जिती हाय का न्हाई!"

"तुमी आत कशा गेल्या? दाराला तर कुलूप हाय."

"त्ये तूच लावलंस, मुडद्या!"

आता कुठं हरिओमच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं धावत जाऊन खोकं उघडलं, चाव्या शोधल्या. कापूस काढला, झटकला, खोकं उलटं करून बडवलं. खोक्यात नुसता कापूस होता. तो परत दगडांच्या ढिगावर चढला.

"मॅडम, चाव्या कुठायत?"

"चाव्या इथेच आहेत," ज्योत्स्ना मॅडम म्हणाल्या. "नमुन्याच्या कुलपांबरोबर आम्ही चाव्या देत नाही. फोटोला चावी कशाला लागते?"

"मॅडम, कुलूप लावलंय."

"उत्तम."

"आत बाई अडकलीय."

मॅडमनी लगेच विचारलं, "फोटोत दिसते आहे का?"

"फोटोत... तशी न्हाई दिसत."

"मग हरकत नाही. चाव्या उद्याच्या एसटीनं पाठवते."

उद्याची एसटी! हरिओम ढिगावरून उतरताना एक मोठा दगड घेऊनच उतरला आणि त्यानं सातव्या दारापुढं उभं राहून कुलपावर घाव घातला. कुलूप हललं नाही. दुसरा घातला. दगडाचा टवका उडाला. कुलूप खरोखरच उत्तम होतं, मालकांचं म्हणणं खोटं नव्हतं.

"बस कर, बस कर!" आतून पारूबाई कडाडली. "आप्पारावच्या आज्याचं दार हाय त्ये. त्याला टोला लागला तर त्येला काय तोंड दावू? सर मागं!"

हरिओम मागं सरला. आणि मग त्यानं जे बघितलं, ते तो आजही दिवसाउजेडीच सांगतो. कुलूप होतं तसं होतं. कडी होती तशी होती. पण त्यांच्या शेजारचं डावं कवाड आपण होऊन वीतभर वर उचललं गेलं, हवेत थरथरलं आणि हळूच आत सरकलं. अंधारातून एक पांढरंफेक तोंड बाहेर आलं. त्याखाली दोन पांढरे हात होते. हरिओम मागच्या अंगणात तसाच खाली बसला. 'राम राम' म्हणावं की 'मारुतीराया' यात त्याचा घोटाळा झाला आणि तोंडातून नुसतंच "रामारुती" असं काहीतरी निघालं.

"पीठ हाय त्ये," पारूबाई पदरानं तोंड पुसत म्हणाली. "भाकरी थापत व्हते. तुज्या पायी एक करपली."

सत्तरीची, वाळक्या लाकडासारखी काटक बाई होती. तिनं कवाडाच्या खालची खाच दाखवली. "खालनं उचललं का निघतंय. पोरं चाव्या हरवतेत, मंग काय, दारं फोडत बसायचं? समद्या वस्तीला म्हाईत हाय ह्ये."

"आज्जी, पन तुमी तिसऱ्या घरात बी दिसल्या आन पाचव्यात बी."

"तू फुडनं चाललास, म्या मागनं चालले. कोन मुडदा वस्तीत शिरला त्ये बघाया नको व्हय? माजी जिम्मेदारी हाय."

मग तिनं करपलेली भाकरी आणि ठेचा त्याच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. वस्ती तोडीला निघाली की पुढची दारं कुलपात जातात आणि मागची दारं पारूबाईच्या हाती. रोज ती पाळीनं एकेका घरात चूल पेटवते. सकाळची भाकरी आप्पारावच्या घरात, संध्याकाळची तात्याबाच्या. धूर लागला की वाळवी लागत नाही, हे एक. आणि दुसरं, घरात चूल पेटली नाही की घर खचतं, माणसाच्या आठवणीनं खचतं, असं पारूबाईचं म्हणणं होतं. एकोणीस घरं, रोज दोन चुली, दर दहा दिवसांनी प्रत्येक घराची पाळी.

"आता सांग, तू कावून आलतास?"

हरिओमनं सांगितलं. कॅलेंडर, कुलूप, वर्षभराचं काम. खुर्चीचंही सांगितलं. पारूबाईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"रिकाम्या घराचा फोटू काढत न्हाईत."

"का?"

"कावून म्हंजी? दारावर कुलूप, आत मानूस न्हाई, आन त्येचा फोटू वरीसभर भितीवर? घराला दिष्ट लागंल. तिकडं फडात मानसं कोयत्यानं ऊस तोडायलेत, इकडं त्येंची घरं रिकामी म्हनून तू गावभर वाटनार? पूस त्ये फोटू."

"आज्जी, मॅडम म्हणतेत मानूस नको."

"मी म्हनते मानूस पायजे."

"मी काय करू मंग?"

पारूबाईनं विचार केला. "दिसाया नको ना? मंग मी आत ऱ्हाते. दार लागलेलं, कुलूप लागलेलं. तुजी बाई बी खुश, माजं घर बी रिकामं न्हाई."

हरिओमला तिचे पाय धरावेसे वाटले. तो धरायला वाकलाही, तेवढ्यात ती म्हणाली, "पन एक हाय. माजी लेक, साखरा, घाटनांदूरला दिलीय. तीन वरसं झाली, म्या संक्रांतीला तिच्याकडं गेले न्हाई. वस्ती कुनावर टाकून जाऊ? ह्या संक्रांतीला आठ दिस तू राखायची. चुली बी पेटवायच्या. घे शपत."

"कशाची?"

"तुज्या त्या डब्याची."

हरिओमनं कॅमेऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली. आधीचे सहा फोटो पारूबाईच्या डोळ्यांदेखत पुसले. आणि मग त्या कमर्शियल फोटोग्राफरनं जे काम केलं ते कुठल्याही कार्डावर छापता येणार नाही. कवाड उचलायचं, पारूबाईला आत सोडायचं, कवाड परत खाचेत बसवायचं, कॅमेऱ्याकडे पळायचं, "आज्जी, आत हाव का?" म्हणून ओरडायचं, आतून "हाय की!" आलं की बटण दाबायचं, परत पळत येऊन कवाड उचलायचं. असं बारा वेळा. बाराव्या दाराला त्याची कंबर आणि ऊन दोन्ही एकदमच गेलं. कुलपं त्यानं तशीच दारांवर ठेवली. पारूबाईला त्यांची काही अडचण नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी त्यानं फोटो संगणकावर उघडले. धनश्री चहा घेऊन मागं उभी राहिली.

"लई भारी आलेत की वो," ती म्हणाली. मग वाकून बघायला लागली. "अगं बाई! ह्ये कोन हाय?"

पहिल्या दाराच्या फटीत डोळा होता. दुसऱ्या दाराच्या फटीत डोळा होता. बाराच्या बारा दारांत, कुलपाच्या वर नेमका एक वीतभर, तोच एक डोळा बाहेर बघत होता. राखणदार बाई, ती काय आत नुसती उभी राहणार होती?

हरिओमच्या तोंडचं पाणी पळालं. हात नको, पाय नको, सावली नको. डोळ्याचं मॅडम बोलल्या नव्हत्या, पण ते काही सांगायला लागत नाही. त्यानं आधी आप्पारावच्या दारातला डोळा पुसला. संगणकावर ते दोन मिनिटांचं काम. पुसून झाल्यावर दोघंही त्या फोटोकडे बघत बसले.

"आता जास्तच भ्या वाटायलंय," धनश्री हळू आवाजात म्हणाली.

खरंच होतं. डोळा होता तोवर ते आप्पारावचं घर होतं. डोळा गेला आणि ते मेलेलं घर झालं. हरिओमला तो धूर आठवला, ती करपलेली भाकरी आठवली. शपथ वस्ती राखायची होती, पण रिकाम्या घराचा फोटो काढणार नाही हेही त्यात आलंच होतं. समोर वर्षभराचं काम होतं, मागं खुर्ची होती. त्यानं डोळा परत आणला आणि बाराही फोटो जसेच्या तसे पाठवून दिले.

"बारका तर हाय," तो म्हणाला. "दिसायचा न्हाई त्यांना."

आणि दिसला नाही. ज्योत्स्ना मॅडमचं उत्तर आलं, "दारं जिवंत वाटताहेत. कोणता लाइट वापरलात?" कॅलेंडर छापलं गेलं, वाटलं गेलं. वर्षाच्या कामाचं मात्र कुणी काही बोलेना. सोमनाथनं एक तारीख पुढं ढकलून संक्रांतीनंतरची केली, तीही धनश्रीच्या विनवणीमुळं.

जानेवारीत ठरल्याप्रमाणं पारूबाई नवं लुगडं नेसून घाटनांदूरच्या एसटीत बसली. चढता चढता तिनं बजावलं, "कुनी वस्तीत आलं का आदी फटीतनं बघायचं. लगीच ओ द्यायची न्हाई." आणि हरिओम खडकवस्तीत एकटा राहिला. पहिल्या दिवशी त्याला स्वतःच्याच पावलांची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी तो घरांशी बोलायला लागला. तिसऱ्या दिवशी एका घराच्या चुलीवर त्याची भाकरी टम्म फुगली आणि ते त्यानं त्या घराच्या भिंतीला मोठ्यानं सांगितलं. कुणीतरी ऐकतंय असं वाटायचं, पण ते आता वाईट वाटत नव्हतं.

चौथ्या दिवशी दगडांच्या ढिगावर फोन वाजला.

"हरिओम, तुमच्या फोटोत डोळा आहे!" ज्योत्स्ना मॅडमचा आवाज चिरका झाला होता. "रोज फोन येताहेत. लोक म्हणतात, कॅलेंडर आमच्याकडे बघतं. एका बाईंनी ते पालथं लावलंय, तारखा दिसत नाहीत!"

"मॅडम, मी..."

"ऐका आधी. उसाच्या कारखान्याजवळच्या एका दुकानातून चारशे कॅलेंडरं गेली. तोडणीवाल्यांनी आपल्या झोपड्यांत, कोप्या-कोप्यांत लावलीत. आणि कुलूप विकलं गेलं किती? एकही नाही! म्हणतात, घरी पारूबाई हाय, कुलूप कशाला? कोण ही पारूबाई? कुठल्या घरात राहते?"

"सगळ्या," हरिओम म्हणाला. फडातल्या पाचटाच्या कोपीत आप्पाराव आपल्याच दाराकडे, आपल्याच फटीकडे बघत निवांत झोपलाय, असं त्याला दिसलं. काम तर गेलंच, असं त्यानं धरलं.

"मालक फार चिडले होते," मॅडम पुढं म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खाली आला. "मग त्यांनी एक कॅलेंडर आमच्या गोदामात टांगलं. कुणाला सांगू नका, आमच्या गोदामातून कुलपं चोरीला जायची. दोन आठवडे झाले, एक नग गेलेला नाही. मालक म्हणतात, वर्षाचं काम याच माणसाला द्या. पण डोळा तोच पाहिजे."

हरिओम ढिगावरून उतरला की उडाला, ते त्याला आठवत नाही. भाकरीची वेळ झाली होती आणि आज पाळी आप्पारावच्या घराची होती. कवाड उचलून तो आत गेला, कवाड परत बसवलं, पिठात हात घातला, आणि तोंडावर बसलेली माशी पिठाच्याच हातानं हाकलली. तेवढ्यात बाहेर, घरांच्या मागच्या बाजूला, मोटारसायकल थांबली.

शिकवणीप्रमाणं त्यानं आधी फटीतून बघितलं. बाहेर सोमनाथ होता. खुर्चीची बोलणी पक्की करायला तो स्वतः आला होता.

"दाजी?" सोमनाथनं हाक मारली. "दाजी, कुठं हाव?"

हरिओम ओ देणारच होता. तोंडही उघडलं होतं. पण का कुणास ठाऊक, त्यानं ओ दिली नाही. तो नुसता बघत राहिला. सोमनाथ धूर बघून या दाराशी आला, कुलूप बघितलं, हातानं ओढून बघितलं. मग त्याची नजर हळूहळू एक वीतभर वर सरकली.

"हळदी-कुंकवाच्या आदी खुर्चीचं उरकून टाकू म्हनलं," सोमनाथ कुणाशी तरी बोलल्यासारखं पुटपुटला आणि एक पाऊल मागं गेला. हरिओमला धुरानं ठसका आला. आणि ठसक्यानं तोल जाऊन तो हाताला आलं त्याला धरायला गेला, तर ते डावं कवाड होतं. ते वीतभर वर उचललं गेलं, हवेत थरथरलं, आणि त्यामागून त्याचं पिठानं माखलेलं पांढरं तोंड पुढं आलं.

मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा कवाड अजून खाचेत बसलं नव्हतं. फाट्यावर म्हाळू मेंढरं घेऊन उभा होता. सोमनाथनं गाडी न थांबवताच विचारलं म्हणे, "तिथं कोन हाय बे?"

"कुनी न्हाई," म्हाळूनं सांगितलं. "हरिओम तेवढा हाय. समद्या घरात."

संध्याकाळी ढिगावर धनश्रीचा फोन आला. "अवो, काय केलं तुमी दादाला? ताप भरलाय. खुर्ची दुसऱ्याला दिली म्हनतो. नुसतं एकच बोलायलाय, दाजींना फोटूच काढू दे, फोटूच काढू दे."

"त्येला म्हनावं, कॅलेंडर पाठवतो दुकानात लावायला," हरिओम म्हणाला, आणि तात्याबाची चूल थंड पडायच्या आत लगबगीनं खाली उतरला.